कानातली चिमूटभर हवा

एक इयरफोन मी ‘याला बेसच नाही’ म्हणून भाचीला देऊन टाकला होता. दोन महिन्यांनी ती म्हणाली, “मामा, काय मस्त घुमतो हा!” मला वाटलं, पोरगी मामाचं मन राखतेय. तिच्याकडून घेऊन कानात घातला आणि गप्प झालो. तोच इयरफोन, तेच गाणं, तोच फोन, आणि डग्गा अगदी छातीजवळ वाजावा तसा. तिने केलं होतं एवढंच, की खोक्यातल्या छोट्या पिशवीतली मोठ्या मापाची रबरी टोपणं लावली होती. मी ती पिशवी उघडलीसुद्धा नव्हती.

तेव्हापासून कुणी ‘पहिलाच बरा हेडफोन घ्यायचाय, बजेट बेताचं आहे, कुठला घेऊ?’ असं विचारलं की मी आधी त्याच्या कानांकडे बघतो. विचारणाऱ्याने मात्र खोक्याचे फोटो पाठवलेले असतात. एकावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं; आकडा मोठा तितका स्वर वरचा), दुसऱ्यावर ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’, आणि प्रश्न असा की दुसरा दुप्पट चांगला ना?

नाही. माणसाचा कान तरुणपणी साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकतो आणि वय वाढतं तशी वरची मर्यादा खाली येत जाते. ४०,००० हर्ट्झचा आनंद घ्यायला वटवाघूळ व्हावं लागेल. शिवाय या आकड्यांपुढे ‘अधिक-उणे इतके डेसिबल’, म्हणजे त्या टप्प्यात आवाजाची पातळी किती वरखाली होते, असं लिहिलेलं नसेल, तर त्यांना अर्थच उरत नाही. ‘हा रस्ता सगळ्या गावांना जातो’ असं सांगायचं आणि खड्ड्यांबद्दल अवाक्षर काढायचं नाही, तसं ते आहे. ‘५० मिलिमीटरचा दणदणीत ड्रायव्हर’ (ड्रायव्हर म्हणजे आत थरथरून आवाज काढणारा पडदा) हीसुद्धा त्याच माळेतली गोष्ट. मोठा पडदा म्हणजे जास्त बेस हे स्पीकरच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे, पण हेडफोन म्हणजे लहान केलेला स्पीकर नव्हे. त्याचं भौतिकशास्त्रच वेगळं आहे, आणि ते मला इतकं आवडतं की आता थोडा वेळ तुम्हाला माझ्याबरोबर त्यातच राहावं लागेल.

आवाज म्हणजे हवेच्या दाबातले चढउतार. मोकळ्या जागेत स्पीकरचा पडदा पुढे सरकला की समोरची हवा थोडी दाबली जाते, पण तिला पळून जायला चारी दिशा मोकळ्या असतात. पडदा सावकाश हलला तर हवा निवांत बाजूला होते आणि दाब फारसा वाढतच नाही. म्हणून खालच्या स्वरांसाठी स्पीकरला खूप हवा ढकलावी लागते. वारंवारता निम्मी केली तर तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी चौपट. ५० हर्ट्झचा स्वर एक मीटरवर ९४ डेसिबलने ऐकवायचा, म्हणजे दाबात एक पास्कलचा फरक पाडायचा, तर मोकळ्या मैदानात जमिनीवर ठेवलेल्या स्पीकरला दर कंपनात सुमारे ५० घन सेंटिमीटर हवा पुढेमागे करावी लागते. बेसचे स्पीकर थाळीएवढे असतात ते यासाठी.

आता इयरफोन कानात घट्ट बसवा. त्याचा पडदा आणि तुमच्या कानाचा पडदा यांच्यामध्ये उरते एक बंद कोठडी आणि तिच्यात जेमतेम दोन घन सेंटिमीटर हवा. तिला पळायला वाट नाही. इथे शाळेतला बॉइलचा नियम आठवा: आकारमान कमी केलं की दाब वाढतो. काटेकोर बोलायचं तर आवाजाच्या कंपनांत हे सगळं इतक्या झपाट्याने घडताना उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, म्हणून गणितात १.४ हा गुणक येतो. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,००० पास्कल. त्यात एका पास्कलचा फरक पाडायला आकारमानात साधारण एक लाख चाळीस हजारावा भाग एवढाच बदल पुरतो. दोन घन सेंटिमीटरचा एक लाख चाळीस हजारावा भाग म्हणजे ०.०१४ घन मिलिमीटर. इयरफोनचा पडदा दहा मिलिमीटर व्यासाचा धरला, तर त्याने हलायचं अंतर निघतं मिलिमीटरचा सुमारे पाच हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी याच्या काहीशे पट असते.

स्पीकरला ५० घन सेंटिमीटर, इयरफोनला ०.०१४ घन मिलिमीटर. भागाकार करून बघा, पस्तीस लाखांच्या वर जातो. आणि गंमत म्हणजे या बंद कोठडीत स्वर कितीही खालचा असो, तेवढंच हलणं पुरतं. ५० हर्ट्झ असो की २०, चौपटीचा नियम इथे लागूच होत नाही. म्हणून चण्याएवढ्या वस्तूतून खर्ज निघू शकतो.

पण कोठडी बंद हवी. सायकलचा पंप आठवतो? वॉशर जुना झाला की दट्ट्या सावकाश दाबला तर हवा फुसकन मागून निघून जाते, जोरात हाणला तर थोडी तरी ट्यूबमध्ये शिरते. गळती तीच, फरक फक्त वेळेचा. ५० हर्ट्झच्या स्वरात पडद्याचं एका दिशेने ढकलणं सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकं चालतं. कानाच्या विश्वात हा अवधी ऐसपैस आहे. टोपणाच्या कडेच्या बारीक फटीतून हवा आरामात सटकते. ३,००० हर्ट्झला तेच ढकलणं सेकंदाच्या सहा हजाराव्या भागात आटोपतं. हवेला फट सापडेपर्यंत दिशा बदललेली असते. म्हणजे गळती सगळे स्वर सारखे कमी करत नाही, ती नेमका बेस चोरते. फट जितकी मोठी तितकी चोरीची हद्द वर सरकत जाते, आणि उरतो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरटा आवाज. मग आपण म्हणतो, ‘हेडफोन भिकार आहे.’ मीही तेच म्हटलं होतं.

कान पूर्ण झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनलाही हे लागू आहे. तिथे गळतीचा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे चष्म्याची काडी. त्यापाठोपाठ जाड केस, मोठे डूल आणि झिजलेल्या गाद्या. तपासायची युक्ती सोपी: गाणं चालू असताना दोन्ही बाजू तळहाताने हलकेच दाबा. बेस एकदम वाढला, तर तो हेडफोन तुमच्या डोक्यावर नीट बसत नाहीये. त्याचं खोक्यावरचं वर्णन काहीही असो.

पाठीमागून उघडे हेडफोन ही वेगळी जात. १९६८ साली सेनहायझर कंपनीच्या एचडी ४१४ या हेडफोनपासून ती रूढ झाली. मागची जाळी उघडी असल्यामुळे आवाज मोकळा, ऐसपैस वाटतो, पण खोल बेस थोडा विरतो आणि तुमचं गाणं शेजारच्यालाही ऐकू जातं. एकट्याने शांत खोलीत बसून ऐकणार असाल तर कमी पैशांत फार चांगला आवाज या जातीत मिळू शकतो. प्रवासात त्याचा काही उपयोग नाही.

बेसचं झालं. वरच्या बाजूला कानाची आणखी एक खोडी आहे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडद्याने बंद. अशा नळीवर फुंकर मारली की ती तिच्या चौपट तरंगलांबीच्या स्वराला साथ देते. बाटलीच्या तोंडाशी फुंकल्यावर एकच ठरावीक स्वर निघतो, तो चुलतभाऊच याचा. गणित केलं तर नळीची ही साथ, म्हणजे अनुस्पंदन, ३,००० हर्ट्झच्या आसपास येते. कानाच्या पाळीची भर धरली तर त्या भागातला आवाज पडद्यापर्यंत पोचताना दहा ते पंधरा डेसिबलनी फुगतो. बोलण्यातली पुष्कळशी व्यंजनं याच टापूत ओळखू येतात. जन्मापासून आपण हे फुगलेलं जगच ऐकत आलोय, त्यामुळे ते आपल्याला सपाट वाटतं.

इयरफोन नळीच्या तोंडात बूच बसवतो. नळी आता दोन्हीकडून बंद, म्हणजे मूळ अनुस्पंदन गायब. म्हणून तो फुगवटा इयरफोन बनवणाऱ्याला स्वतःच्या रचनेतून परत घालावा लागतो. थोडा कमी घातला तर गायक पडद्यामागे गेल्यासारखा वाटतो, थोडा जास्त झाला तर ‘स’ आणि ‘श’ कानात सुईसारखे टोचतात. आवाज ‘सपाट’ हवा, म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराचे हवेत, असं म्हणणाऱ्यांची इथेच गोची होते. सपाट म्हणजे यंत्रावर सपाट की मेंदूला सपाट? २०१२ पासून पुढे हर्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि सहकाऱ्यांनी पुष्कळ लोकांना वेगवेगळे हेडफोन ऐकवून पसंती तपासली. बहुतेकांना आवडला तो आवाज चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरच्या जवळ जाणारा निघाला. त्यातून काढलेला ‘हर्मन कर्व्ह’, म्हणजे कुठला स्वर किती जोराचा असावा हे दाखवणारी रेघ, आज मोजमापाच्या आलेखांवर संदर्भरेषा म्हणून सर्रास दिसतो. तो काही वेद नव्हे, पण खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा शंभरपट उपयोगी आहे.

आणि बजेटवाल्यांसाठी पेढे वाटावेत अशी बातमी: येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांच्या मोजमापांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध केला. हेडफोनची किंमत आणि स्वरांचा समतोल यांच्यात संबंध सापडला नाही. महागात टिकाऊपणा, मऊ गाद्या, सोयी मिळत असतील. चांगला समतोल मात्र स्वस्तातही सापडू शकतो आणि महागातही हुकू शकतो.

आता ओहमचा आकडा. ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप. तोही आकडा खोक्यावर असतो, पण हा वाचण्याजोगा आहे. शक्ती म्हणजे विद्युतदाबाचा वर्ग भागिले रोध. एक मिलिवॉट शक्ती द्यायला ३२ ओहमच्या हेडफोनला ०.१८ व्होल्ट पुरतात, ३०० ओहमच्याला ०.५५ लागतात, म्हणजे तिप्पट. त्यात संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्या विजेत आवाज किती मोठा निघतो, ती कुणी दर मिलिवॉटला सांगतं, कुणी दर व्होल्टला, आणि या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. आधी रोध वापरून रूपांतर करावं लागतं. डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: थेट फोनला जोडायचा असेल तर १६ ते ३२ ओहमच्या आसपासचा घ्या. २५० आणि ३०० ओहमच्या हेडफोनांना बहुधा वेगळा ॲम्प्लिफायर जोडावा लागतो, आणि पहिल्याच खरेदीत ते लचांड कशाला?

वायर की बिनवायर? बिनवायरच्या किमतीत बॅटरी, रेडिओ, चिप, माइक, चार्जिंगची डबी एवढ्यांचे वाटे असतात. त्याच पैशांत वायरवाल्यात आवाजाच्या वाट्याला जास्त येतं, आणि काही वर्षांनी मरणारी बॅटरी त्यात नसतेच. बरेच नवे फोन वायरला भोकच देत नाहीत हे खरं. त्यावर छोटा अडॅप्टर मिळतो. बाहेरचा गोंगाट दाबणारी इलेक्ट्रॉनिक सोय इंजिनाच्या घरघरीसारख्या खालच्या, एकसुरी आवाजावर छान चालते. वरचे आवाज अडवायला मात्र नीट बसलेलं रबरी टोपणच जास्त कामाला येतं.

‘बर्न-इन’ नावाचं एक कर्मकांडही आहे. नवा हेडफोन शंभर तास वाजत ठेवायचा, म्हणजे तो ‘पिकतो’. अढीत आंबे घालावेत तसं. पडदा थोडाफार सैलावत असेलही, पण तोच हेडफोन काढून पुन्हा घातला की तो डोक्यावर जरासा वेगळा बसतो, आणि त्याने आवाजात पडणारा फरक सहसा याहून मोठा असतो. खरं पिकतं ते आपलं डोकं. मेंदूला नव्या समतोलाची सवय होते. सोन्याचा मुलामा दिलेला प्लग गंजत नाही, ठीक आहे. त्याने आवाज सोनेरी होतो असं सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढे निघावं.

दोन हेडफोन शेजारी ठेवून निवडताना आवाजाची पातळी आधी सारखी करा. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्या कानाला बेस कमी ऐकू येतो. म्हणून जो जरा मोठ्याने वाजतो तोच भरदार वाटतो आणि निवड तिथेच फसते. ओळखीचं, शंभरदा ऐकलेलं गाणं लावा, माणसाचा आवाज असलेलं. गायकाचा श्वास ऐकू येतोय का, आणि ‘स’ टोचत तर नाही, एवढंच बघा.

गळतीचा एक दुष्परिणाम राहिला. हरवलेला बेस भरून काढायला आपण आवाज वाढवतो आणि त्याबरोबर ३,००० हर्ट्झचा मारा कानावर वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला उरतात आठवड्याचे चारच तास.

तेव्हा खोकं उघडल्यावर आधी ती छोटी पिशवी शोधा. लहान, मध्यम, मोठी टोपणं असतात. प्रत्येक जोडी लावून तेच गाणं तेवढ्याच आवाजात ऐका, आणि दोन्ही कान वेगवेगळे तपासा, कारण दोन्ही नळ्या एकाच मापाच्या असतील असं नाही. माझ्या डाव्या कानाला मध्यम टोपण लागतं आणि उजव्याला मोठं. हे मला वयाच्या चाळिशीत, भाचीमुळे कळलं. इयरफोन तिने परत दिलेला नाही.