आनंदाचा पहिला थेंब कुठल्या डोळ्यातून?

‘आनंदाश्रूंचा पहिला थेंब उजव्या डोळ्यातून येतो आणि दुःखाचा डाव्या.’ सूर्योदयाच्या चित्रासकट हा मजकूर आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी उगवतो आणि त्याखाली हात जोडलेले चार-पाच इमोजी पडतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मला याचा पडताळा एका टपरीवर, हातभर अंतरावरून घेता आला.

त्या महिन्यात जैसलमेरहून बातमी आली होती. रामदेवरा प्रजनन केंद्रातल्या ‘सुदा’ नावाच्या नर माळढोकाचं वीर्य सुमारे २०० किलोमीटरवरच्या सम केंद्रात नेऊन ‘टोनी’ या मादीत कृत्रिम रेतन केलं होतं. १६ ऑक्टोबरला अंड्यातून पिल्लू बाहेर आलं. माळढोकाचं असं पिल्लू जगात पहिलंच.

माळढोक म्हणजे माळरानावरचा, नामशेष व्हायला आलेला मोठा पक्षी, हे सोलापूरकराला सांगायला नको. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. कागदावर ते साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं. पुढे ते सुमारे १,२२२ वर आणलं. पक्षी त्याहून वेगानं आटले. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर १५ किलोपर्यंत भरतो आणि डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे उडताना समोरची विजेची तार उशिरा दिसते आणि एवढं धूड ऐनवेळी वळवता येत नाही.

माझा एक मित्र तरुणपणी पहाटेच्या अंधारात माळढोक बघायला नान्नजच्या लपणात जाऊन बसायचा. त्याला मी फोनवर पिल्लाचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. आधी नाक ओढलं, मग खालच्या पापणीच्या काठावर पाणी चमकलं, आणि थेंब ओघळला. डाव्या डोळ्यातून!

नाक आधी का? आरशासमोर उभं राहून खालच्या पापणीची नाकाकडची बाजू हलकेच खाली ओढा. काठावर टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेल. वरच्या पापणीलाही तसंच असतं. ही डोळ्याची मोरी. अश्रू तिच्यातून नाकात उतरतात. एरवी डोळ्यावर जेमतेम ७ मायक्रोलिटर पाणी असतं, म्हणजे औषधाच्या एका थेंबाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढं. पाणी वाढलं की मोरी आधी ते नाकात ढकलते. तिला झेपेनासं झालं की गालावर. पहिला थेंब कुठून पडेल हे मान कुठे कलली आहे आणि कुठली मोरी जरा अरुंद आहे यावर ठरतं. मित्राची मान डावीकडे, फोनवर झुकलेली होती.

आता माझा आवडता भाग. अश्रुग्रंथी असते डोळ्याच्या खोबणीत, वर, बाहेरच्या कोपऱ्यात. कांदा चिरताना डोळ्याची चुरचुर मेंदूशी जोडलेल्या नसांपैकी पाचवी मेंदूला कळवते. भावनेचा निरोप मेंदूतूनच निघतो. पण ग्रंथीकडे जाणारी वाट दोन्हींची एकच. मेंदूच्या देठात एक केंद्र आहे, तिथून निघालेले तंतू सातव्या नसेत शिरतात, कानाजवळच्या हाडातून वाट काढत नाकामागच्या चेतापेशींच्या गुच्छापाशी येतात, तिथे गाडी बदलतात, आणि दुसरे तंतू ग्रंथीपर्यंत पोचून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतात. ग्रंथी पाझरते. या तारेवर ‘हा आनंदाचा, तो दुःखाचा’ असा शिक्का कुठेच नसतो आणि भावनेचा निरोप दोन्ही डोळ्यांना जातो.

गंमत म्हणजे याच केंद्राचं शास्त्रीय नाव लाळेवरून पडलं आहे, कारण लाळेचे तंतूही इथूनच निघतात. लकव्यानं तोंड वाकडं झालेल्या एखाद्या माणसात नस पुन्हा वाढताना लाळेचे तंतू चुकून अश्रुग्रंथीत घुसतात. मग कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा घास घेतला की त्याचा एकच डोळा गळू लागतो. डॉक्टर याला मगरीचे अश्रू म्हणतात. व्हॉट्सॲपवाल्यांना एका डोळ्याचा अश्रू हवाच असेल तर तो इथे आहे.

पण सगळं चांगलं झाल्यावर रडायचं कशाला? वर सांगितलेली वाट परानुकंपी चेतासंस्थेची, म्हणजे शरीर निवांत करणाऱ्या संस्थेची. धोका असताना तिची जोडीदार, अनुकंपी, जोरात असते: छाती धडधडते, स्नायू ताणलेले. नान्नजचं अभयारण्य झालं त्याच १९७९ साली एफ्रन आणि स्पँगलर या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की मोठी माणसं ताण शिगेला असताना रडत नाहीत, तो सुटल्यावर रडतात. दोर तुटेपर्यंत ताणलेला असतो, धोका टळल्याचं मेंदूला कळतं, आणि परानुकंपी उसळून वर येते. परीक्षेत पोरगं पास झालं की आई रडते, ते असंच. दुसरीही मांडणी आहे, की अतिरेकी आनंदाला तोल देण्यासाठी मेंदू उलटा भाव वापरतो. मला पहिली जास्त पटते, कारण माळढोकाच्या बाबतीत ताण सुखाचा नव्हताच, तो चाळीस वर्षांचा धसका होता.

‘रडल्यानं शरीरातली विषं निघून जातात’ हेही ऐकू येतं. चार-दोन थेंबांनी विषं जाणार असती तर मूत्रपिंडं कशाला लागली असती? आणि लांडोर मोराचे अश्रू पिऊन गर्भार राहते म्हणणाऱ्यांना काय सांगावं! मोर-लांडोर इतर पक्ष्यांसारखेच मीलन करतात. पक्षी भावनेनं रडतात याला आधार नाही. टोनीचे डोळे कोरडेच असणार.

मित्रानं शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग फोन परत देताना विचारलं, ‘‘पण तिकडं तारा जमिनीखाली घातल्या का बे?’’

अनुकंपी पुन्हा कामाला लागली होती.