मलकोवालची ती एक बाटली

मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेला ज्यांचं नाव आहे त्या वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी १० जानेवारी १८९७ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, मग महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली, हे बहुतेकांना माहितीच आहे. पद्धत अशी की मांसाच्या रसावर तूप सोडायचं, तुपाच्या थेंबांना लटकून जंतू खाली वाढत जायचे, मग उष्णतेने ते मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड, म्हणजे जंतुनाशक.

सगळा घोळ या कार्बोलिकवरूनच झाला. पुढे पंजाबातून लसीची मागणी प्रचंड वाढली तेव्हा हे ॲसिड वगळायचं ठरलं, उष्णताच पुरेशी आहे, पॅरिसमध्येही तसंच करतात असं म्हणून. ३० ऑक्टोबर १९०२ला पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली, त्यातल्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना दिली ते सगळे धनुर्वाताने गेले आणि बाकीच्या ८८ जणांना काही झालं नाही! सरकारी चौकशीने दोष लस बनवणाऱ्या हाफकिनच्या मुंबईच्या लॅबवर टाकला, कार्बोलिक वगळणं ही गंभीर चूक ठरवली आणि हाफकिन यांचं पद गेलं.

पण बाटली भरल्याला ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस आत धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर उघडल्यावर घाण वास यायला हवा होता, उघडणाऱ्या डॉक्टरला तो आलाच नाही. शिवाय गावातच एका मदतनीसाच्या हातून बाटली उघडायचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात हलवून परत वापरला गेला. हा पुरावा समोर असताना आरोप इतकी वर्षं राहिला हे मला आजही अन्यायच वाटतं. १९०७मध्ये दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या पेपरात जाहीर पत्र लिहिलं तेव्हा कुठे हाफकिन दोषमुक्त झाले, पण परत आले ते कलकत्त्याला, मुंबईच्या लॅबमध्ये नाहीच. संस्थेला त्यांचं नाव मिळालं १९२५मध्ये.

नंतर मादागास्कर आणि जावाकडे जंतू न मारता दुबळे करून जिवंत लसी निघाल्या. मेलेल्या जंतूंची लस गाठीच्या प्लेगवर बरी पण फुफ्फुसाच्या प्लेगवर कमजोर, अमेरिकेत तिचं उत्पादन १९९९ला थांबलं. १९९४ला सुरतेत प्लेगची साथ आली तेव्हा भिस्त लसीवर नव्हे, टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकवर होती. आता जंतूची फक्त दोन प्रथिनं घेऊन लसी बनवतायत, त्यातही एक प्रथिन नसलेले जंतू सापडतात ही अडचण आहेच, आणि लसीची शिफारस आजही फक्त लॅबवाल्यांसारख्या जास्त धोक्यातल्या लोकांनाच आहे.