कासवाच्या पिल्लासाठी परसातील बंदिस्त वाफा

जमिनीवर राहणाऱ्या कासवाचे पिल्लू उघड्या हवेत, पण चारही बाजूंनी आणि वरूनही बंद असलेल्या जागेत वाढवण्याची पद्धत. अमेरिकेत मोहावी वाळवंटालगतच्या दक्षिण कॅलिफोर्निया आणि नेवाडा भागांत वाळवंटी कासव (गोफेरस अगासिझाय) सांभाळणाऱ्या घरांच्या परसात असे वाफे आढळतात.

कासव म्हटले की पाठीवरची ढाल डोळ्यांपुढे येते. पिल्लाच्या बाबतीत हीच समजूत घातक ठरते. अंड्यातून बाहेर आलेले वाळवंटी कासव काडेपेटीएवढे, जेमतेम पाच सेंटिमीटरचे असते. कवच बोटाने हलकेच दाबले तरी नखासारखे लवते आणि ते पुरते टणक व्हायला पाच ते सात वर्षे लागतात. पन्नास वर्षांहून जास्त जगू शकणाऱ्या या प्राण्याला सर्वाधिक धोका असतो तो याच वर्षांत.

रेव्हन हा थोराड काळा कावळा चोचीने कवच फोडून आतले मांस ओढून काढतो. मोहावीत त्याच्या घरट्यांखाली भोके पडलेली इवलीशी कवचे सापडतात. माणसांचा कचरा, आयते पाणी आणि घरटी बांधायला विजेचे मनोरे मिळाल्यामुळे हे पक्षी तिथे अनेक पटींनी वाढले आहेत. परसात याशिवाय रॅकून (पुढच्या पंजांनी झाकणे उघडणारा निशाचर रानटी प्राणी), उंदीर आणि तांबड्या चावऱ्या मुंग्या असतात. घरचा कुत्राही यांतलाच. एरवी कितीही शांत असला तरी पिल्लाला तो हाडूक समजून चघळू शकतो, म्हणून दोघांना एकत्र मोकळे सोडू नये.

म्हणूनच वाफ्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे झाकण. लाकडी चौकटीवर अर्धा इंच भोकांची जाड तारेची जाळी ठोकतात आणि तिला कडी लावतात. खुराड्याची पातळ जाळी रॅकूनपुढे टिकत नाही. काचेचे झाकण तर नकोच. साध्या काचेतून उन्हातले अतिनील-बी (यूव्ही-बी) किरण जवळजवळ येत नाहीत. ते नसतील तर अंगात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाण्यात कॅल्शियम असूनही कवच मऊच राहते. शिवाय दुपारी आत भट्टी पेटते ती वेगळीच.

भिंती आरपार न दिसणाऱ्या असाव्यात. पलीकडचे दिसले की पिल्लू कडेकडेने येरझाऱ्या घालते, तारेत नख्या अडकवून चढते आणि पाठीवर आपटते. उन्हात उलटे पडलेले पिल्लू थोड्याच वेळात तापून दगावते. हे कोपऱ्यात जास्त घडते, त्यामुळे कोपरे गोलसर ठेवतात. ही जात बिळे खणणारी असल्याने भिंत फूटभर जमिनीत उतरवतात किंवा मातीखाली तळालाही जाळी अंथरतात.

आत आडवी, अर्धी पुरलेली मातीची कुंडी हे पिल्लाचे बीळ. तिच्यातली माती किंचित ओलसर ठेवावी, कारण फार कोरड्यात वाढलेल्या पिल्लाच्या कवचावर उंचवटे येतात. पाण्याची ताटली उथळ हवी. पाणी हनुवटीला लागेल एवढेच. खायला गवत, फड्या निवडुंग, तुतीची पाने, जास्वंदीची फुले. त्या भागात रस्तोरस्ती लावलेली कण्हेर मात्र विषारी आहे आणि तिचे वाऱ्याने आलेले पानही उचलून टाकावे लागते.

मोहावीतील ही कासवे १९९० पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याने संरक्षित आहेत. कॅलिफोर्नियात पाळलेल्या कासवासाठी राज्याचा परवाना लागतो. पाळलेले कासव रानात सोडण्यास मनाई आहे, कारण श्वसनमार्गाचा संसर्ग त्याच्यासोबत रानातल्या कासवांत जातो.

भारतात हाच वाफा बांधून स्टार कासव (पाठीवर ताऱ्यांसारखी नक्षी असलेले जमिनीवरचे कासव) ठेवणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची एकमध्ये ते आहे आणि २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. महाराष्ट्रात असे कासव सापडले, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवता येते.