एमसीबी पडली नाही, तरी आग लागली

कुठल्याही कार्यालयाला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीतलं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आग शॉर्ट सर्किटमुळे लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ पुढे चौकशीत काय निघालं ते वाचायला फारसं कुणी थांबत नाही. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी १४ जणांचा जीव गेला. त्या आगीचं संभाव्य कारण म्हणून अग्निशमन दलाच्या अहवालात हुक्क्याच्या कोळशाच्या उडालेल्या ठिणग्या नोंदल्या गेल्या. म्हणजे त्या अहवालानुसार तिथे विजेचा संबंधच नव्हता. आणि आग खरोखर विजेने लागलेली असते तेव्हाही ‘शॉर्ट सर्किट’ या शब्दामागे एक वेगळाच दोष झाकला जातो. तो म्हणजे ढिला स्क्रू, आपल्या रोजच्या भाषेत ‘लूज कनेक्शन’.

शॉर्ट सर्किटमध्ये फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) थेट एकमेकांना चिकटतात. मध्ये रोध नसल्यामुळे प्रवाह शेकडो अँपिअरवर उसळतो. एमसीबी म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच. तिच्यातल्या चुंबकीय कॉइलला नेमकं हेच ओळखता येतं. सी प्रकारची १६ अँपिअरची एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडते. एमसीबी धड असेल, तर वायर पेटण्याइतका वेळच शॉर्टला मिळत नाही. मग शॉर्टचा पुरावा मानले जाणारे, जळालेल्या वायरींवरचे तांब्याचे वितळलेले मणी कुठून येतात? आग आधी लागते, तिच्यात वायरींचं प्लास्टिक वितळतं, उघड्या तारा एकमेकींना टेकतात आणि तेव्हा शॉर्ट होतो. अशा वेळी तो मणी आगीचा परिणाम असतो. तोच कारण म्हणून कागदावर जातो आणि खरा गुन्हेगार ढिगाऱ्यात राहतो.

आता ढिल्या स्क्रूकडे नीट बघू. तांब्याची तार आणि पितळेचा टर्मिनल आपल्याला पूर्ण चिकटलेले दिसतात. पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग डोंगराळ असतात आणि फक्त काही शिखरं एकमेकांना टेकलेली असतात. सगळा प्रवाह त्या शिखरांमधूनच जातो. स्क्रू घट्ट असला की ती शिखरं दबून चपटी होतात, स्पर्शाची जागा वाढते आणि जोडाचा रोध एक मिलिओमपेक्षाही (ओमच्या हजाराव्या भागापेक्षाही) कमी राहतो. स्क्रू सैल झाला की स्पर्शाची ठिकाणं कमी होतात आणि रोध हजार पटींनीसुद्धा वाढू शकतो.

उदाहरण घेऊ पॅन्ट्रीतल्या पाण्याच्या बॉयलरचं. २३० व्होल्टवर तो ८ अँपिअर घेतो. चांगल्या जोडाचा रोध अर्धा मिलिओम धरला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध या शाळेतल्या सूत्राने तिथे वॉटचा तिसावा भागच उष्णता होते. म्हणजे नगण्य. आता तोच जोड ढिला होऊन रोध अर्धा ओम झाला असं समजा. सर्किटचा एकूण रोध २८.७५ वरून २९.२५ ओम होतो, प्रवाह ७.८६ अँपिअरवर येतो आणि त्या एका स्क्रूखाली जवळपास ३१ वॉट उष्णता तयार होऊ लागते. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० अंशांच्या वर जातं, हे लक्षात घेतलं की स्विचबोर्डाच्या बंद डबीत काय चाललंय ते कळेल.

या हिशोबात प्रवाह कमी झालाय, वाढलेला नाही. एमसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल आहे. आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती ओळखून पडणारा स्विच, फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून बघते. इथे दोन्ही सारखेच असल्याने तिलाही काही दिसत नाही. दोन्ही पहारेकरी जागे असताना बोर्ड जळतो तो असा.

पुढची पायरी रसायनशास्त्राची आहे. तापलेलं तांबं हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून क्यूप्रस ऑक्साइड बनवतं. हा अर्धवाहक आहे. धातू तापला की त्याचा रोध वाढतो, याचं मात्र उलट: जितकं तापेल तितका रोध कमी. त्यामुळे ऑक्साइडच्या थरात जिथे थोडी जास्त उष्णता असेल तिथूनच अधिक प्रवाह जातो, ती जागा आणखी तापते आणि आणखी प्रवाह ओढते. शेवटी सगळा प्रवाह एका बारीक धाग्यातून वाहू लागतो. हा धागा १००० अंशांच्या पुढे, नारिंगी रंगात धुमसत राहतो. त्याच्या कडेचं तांबं ऑक्साइड होत जातं आणि थर वाढत जातो. आवाज नाही, मोठी ठिणगी नाही. साध्या पीव्हीसी वायरीच्या तारेचं तापमान ७० अंशांपर्यंतच चालतं. त्या धाग्याशेजारी वायरीचं प्लास्टिक आधी कडक होतं, मग तपकिरी, मग कोळसा.

स्क्रू मुळात ढिला का होतो? एसी सकाळी सुरू, संध्याकाळी बंद. रोज जोड तापतो आणि थंड होतो. तांबं, पितळ आणि पोलाद प्रत्येक अंशाला वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे पकड हळूहळू सुटते. ॲल्युमिनियम तर तांब्याहून जास्त फुगतं आणि दाबाखाली सरकतंही. त्यात कामाच्या सवयींची भर पडते. वायर भोकात मावत नाही म्हणून तिच्यातल्या केसासारख्या चार तारा कापून टाकायच्या, स्क्रूखाली तांब्याऐवजी प्लास्टिकच दाबायचं, बहुतारी वायरच्या टोकाला कथील लावून ते स्क्रूत कसायचं. कथील मऊ असतं, दाबाखाली पसरतं आणि काही महिन्यांत जोड ढिला होतो. तिथे क्रिम्प केलेला, म्हणजे तारेवर दाबून बसवलेला, लग किंवा फेरूलच (धातूचं टोक) हवा.

हाच दोष प्लग-सॉकेटमध्येही होतो, कारण आतली पितळी पकड वापराने सैल पडते. प्लग स्वतःच्या वजनाने लोंबत असेल, तर ते सॉकेट बदलायचं, पिना फाकवून काम भागवायचं नाही. एक्स्टेन्शन बोर्डला दुसरा एक्स्टेन्शन बोर्ड जोडला की भार वाढतोच, शिवाय तोच प्रवाह आणखी सैल जोडांमधून जातो.

तीन फेजच्या डीबीत, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेटीत, मुख्य न्यूट्रल ढिला झाला तर प्रकरण आणखी गंभीर होतं. कमी भार असलेल्या फेजवरचा विद्युतदाब २३० वरून ४०० व्होल्टकडे सरकतो. दिवे अचानक लख्ख आणि शेजारच्या खोलीत मिणमिणते दिसले, तर मेन स्विच लगेच बंद करायचा.

या दोषाचा पहिला इशारा बहुधा नाकाला मिळतो. स्विच-सॉकेटमधलं काही प्रकारचं प्लास्टिक तापलं की अमाइन वायू सुटतात आणि शिळ्या मासळीसारखा वास येतो. डब्यात कुणी बोंबील आणलेले नसताना तो वास आला, तर आधी बोर्ड शोधा. प्लेटवर पिवळट-तपकिरी डाग, लोड चालू असताना कोमट लागणारा प्लग, बॉयलर लावला की मंदावणारा दिवा, या त्याच्याच खुणा.

थर्मल कॅमेऱ्याने तपासणी भार चालू असतानाच करायची, सर्किटच्या क्षमतेच्या किमान ४० टक्के तरी. कार्यालय बंद असताना रविवारी काढलेले फोटो निरुपयोगी. सारखाच भार असलेल्या शेजारच्या टर्मिनलपेक्षा एखादा १५ अंशांनी जास्त तापला असेल, तर त्याच दिवशी काम काढायचं. चकचकीत धातूवर कॅमेरा तापमान कमी दाखवतो, म्हणून टर्मिनललगतच्या प्लास्टिकवर नेम धरायचा.

दुरुस्ती परवानाधारक वायरमनने करायची. मेन बंद करून त्याला कुलूप, टेस्टरने खात्री, मग टर्मिनलमधली प्रत्येक वायर ओढून बघायची. काळी पडलेली तार पुन्हा कसायची नाही. लखलखीत तांबं दिसेपर्यंत मागे कापायची आणि भाजलेला टर्मिनल फेकून द्यायचा. लहान एमसीबीचा स्क्रू साधारण २ न्यूटन-मीटरला कसतात, नेमका आकडा उत्पादकाच्या पत्रकात असतो. अंदाजाने जास्त पिळला तर आटे जातात.

पॅनेल वास्तुशास्त्राप्रमाणे आग्नेय कोपऱ्यात बसवण्यासाठी भिंती फोडून वायरी लांबवणारी कार्यालयं आहेत. त्यात वायरींना नवे जोड मात्र वाढतात, आणि स्क्रूला दिशा कळत नाही. खंडेनवमीला पॅनेलच्या फटीत अगरबत्ती खोचणं आणि दारावर हार सोडणंही थांबलं पाहिजे. पूजा समोर पाटावर करावी. तसंच ‘एफआर’ वायर म्हणजे आग न लागणारी वायर हा दुकानदारी प्रचार आहे. ती ज्वाळा पसरण्याचा वेग कमी करते. ढिल्या स्क्रूखालची उष्णता तिच्याने थांबत नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निसुरक्षा यंत्रणेचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. आग विझवायच्या सिलिंडरची तारीख बघायला माणूस येईल त्याच आठवड्यात वायरमनकडून डीबीही उघडून घ्या. बोर्ड पेटलाच तर आधी पुरवठा तोडायचा, मग कार्बन डायऑक्साइड किंवा एबीसी पावडर मारायची, पाणी नाही. विझल्यावर, वायरमनने तो जोड उघडून बघेपर्यंत स्विच पुन्हा वर करायचा नाही.