कैबाबच्या हरणांची गोष्ट अर्धीच सांगतात

इकॉलॉजीच्या पुस्तकांत हमखास येणारी गोष्ट म्हणे, अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कैबाब पठारावर १९०६ नंतर प्यूमा (बिबट्याएवढं रानमांजर), लांडगे मारले म्हणून हरणं ४ हजारांवरून १९२४ पर्यंत १ लाख झाली आणि मग उपाशी मेली. अहो पण तो १ लाख मोजलेला आकडा नाहीच, नुसता अंदाज, तिथल्याच वनअधिकाऱ्याचा अंदाज ३० हजारांच्या आसपास होता! १९७० ला प्राणिशास्त्रज्ञ ग्रेम कॉघलींनी हे उकरून काढलं. शिवाय हरणांच्या शिकारीला बंदी होती, मेंढ्या-गुरंही कमी केलेली, म्हणजे चारा आयताच मोकळा झाला, हे कुणी सांगतच नाही. हरणं वाढली हे मात्र खरं, ॲस्पेन झाडांची कोवळी रोपं त्यांनी पार ओरबाडली, त्या वर्षांत उगवलेली ॲस्पेनची झाडं जंगलात कमीच सापडतात.