गिटारचं लाकूड, आवाज आणि पावसाळा : ग्राहकांसाठी माहिती

“रोझवुडची घेऊ की महोगनीची?” दुकानात आलेला प्रत्येक दुसरा माणूस हे विचारतो. विचारतो ते मागच्या आणि बाजूच्या लाकडाबद्दल. आमचं म्हणणं, आधी टॉप, म्हणजे तारांखालची वरची फळी, बघा.

अकूस्टिक गिटारच्या सहा स्टीलच्या तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. तो सोसून वरची जेमतेम तीन मिलिमीटरची फळी थरथरायला हवी, म्हणजे ती हलकीही हवी आणि ताठही. स्प्रूस हे सूचिपर्णी झाडाचं लाकूड त्यासाठीच वापरतात. सीडर त्याहून मऊ. बोटांनी हळू वाजवणाऱ्याला लगेच साथ देतो, जोरात स्ट्रमिंग केलं की मात्र दबतो. महोगनीच्या टॉपचा आवाज कोरडा, गायकाच्या आड न येणारा.

बॅक-साइडने फरक पडतो, पण जाहिरातीत सांगतात तेवढा नाही. स्पेनचे प्रसिद्ध कारागीर तोरेस यांनी १८६२ मध्ये टॉप स्प्रूसचा ठेवून बाकीचं अंग चक्क कागदाच्या लगद्याचं केलं होतं. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी फक्त बॅक-साइडचं लाकूड वेगळं असलेल्या सहा गिटारी ५२ वादकांना न बघता वाजवायला दिल्या. महाग लाकूड कुठलं, ते आवाजावरून ठरेना. रोझवुड, म्हणजे आपलं शिसवी, दिसतं देखणं. आवडत असेल तर जरूर घ्या, आम्ही बनवूनही देतो. पण पैसे मोजकेच असतील तर ते सॉलिड, म्हणजे थर न चिकटवलेल्या लाकडाच्या, टॉपवर घाला.

टॉप सॉलिड आहे की प्लायचा, हे साउंडहोलच्या (मधल्या गोल भोकाच्या) कडेला कळतं. वरच्या रेषा कडेवरून सरळ आत उतरत असतील तर सॉलिड. मध्ये आडवा थर दिसला तर प्लाय. (इलेक्ट्रिकवाल्यांनी लाकडाची फार चिंता करू नये, तिथे पिकअप, म्हणजे तारांची थरथर टिपून ॲम्पकडे पाठवणारा भाग, आधी.)

आता मुख्य मुद्दा. सॉलिड लाकूड दमट हवेत फुगतं. जुलैत टॉपला पोट येतं, ब्रिज (टॉपवर तारा अडकवलेली पट्टी) वर उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून, लांब जातात. या अंतरालाच ॲक्शन म्हणतात. मग गिटार आमच्याकडे येते : “ॲक्शन वाढलीय, सॅडल जरा घासून द्या, मी थांबतो.” सॅडल म्हणजे ब्रिजवर तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी. काही जण घरीच पॉलिश पेपरवर घासून मोकळे होतात. जानेवारीत हवा कोरडी होते, टॉप जागेवर बसतो, तारा फ्रेटला लागतात आणि बझ, म्हणजे खरखर, सुरू होतो. मग तक्रार येते की लाकूडच खराब निघालं. लाकडाने त्याचं काम केलेलं असतं. घासून गेलेलं हाड काही परत येत नाही. नवं सॅडल कापा, बसवा, तुमच्या दोन फेऱ्या.

म्हणून पावसाळ्यात आम्ही सॅडलला लगेच हात लावत नाही. गिटार दोन-तीन दिवस डीह्युमिडिफायरच्या (हवेतला दमटपणा काढणाऱ्या यंत्राच्या) खोलीत ठेवतो आणि मग बाराव्या फ्रेटवर उंची मोजतो. जाड ‘ई’ तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास अंतर असेल तर गिटार तशीच परत देतो आणि फक्त तपासणीचे पैसे घेतो. “काही केलंच नाही, मग पैसे कसले?” असं ऐकावं लागतं. न घासण्याचेच ते पैसे आहेत.

कार्यक्रम तोंडावर असेल तर मार्ग आहे : मूळ सॅडल काढून ठेवायचं आणि पावसाळ्यापुरतं कमी उंचीचं दुसरं बसवायचं. आमच्याकडून नवी गिटार घेताना सांगितलंत तर हाडाची दोन्ही सॅडल एकदमच करून देतो, स्वस्त पडतं. मूळ सॅडल केसमध्येच ठेवा. ते हरवून येणारेही कमी नाहीत.

घरी गिटार केसमध्ये असू द्या, बाहेरच्या भिंतीला टेकवून नको. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहिली तर उत्तम. छोटा मीटर आमच्याकडे मिळतो, दुसरीकडून घेतलात तरी चालेल. आणि आवाज बसलाय म्हणून गिटार आणण्याआधी तारा बदलून बघा. गंजलेल्या तारांवर स्प्रूस काय नि प्लाय काय, सारखंच वाजतं.

गणपतीच्या आधीच्या दोन आठवड्यांत डीह्युमिडिफायरच्या खोलीत जागा नसते. त्या दिवसांत गिटार आणायची असेल तर आधी फोन करून या.