हायब्रिडची बॅटरी खरंच आठ वर्षांत बसते?

'हायब्रिड घेऊ नका, आठ वर्षांत बॅटरी बसते, मग गाडी भंगारात.' १९९७ साली जपानमध्ये टोयोटाची प्रियस ही पेट्रोल इंजिन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी आली, तेव्हापासूनची ही भीती. आठ वर्षं ही अमेरिकेतल्या वॉरंटीची मुदत होती, बॅटरीचं आयुष्य नव्हे.

२०११ मध्ये 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या वस्तू तपासणाऱ्या अमेरिकन मासिकाने तिथली तीन लाख किलोमीटरहून जास्त पळालेली २००२ ची प्रियस मूळ बॅटरीसकट तपासली. मायलेज आणि पिकअप दहा वर्षांपूर्वी तपासलेल्या नव्या गाडीइतकंच भरलं, फरक किरकोळ. गाडीचा कॉम्प्युटर ही बॅटरी कधी काठोकाठ भरू देत नाही आणि तळाला जाऊही देत नाही, म्हणून ती टिकते.

अमर मात्र नाही. तिचा वैरी उष्णता. मागच्या सीटच्या बाजूला जाळी असते, तिथून पंखा केबिनमधली हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. कुत्र्याचे केस, धूळ किंवा वर टाकलेली चादर यांनी हवा अडली की सेल तापतात. सर्व्हिसिंगमध्ये नेमकी हीच सफाई राहून जाते (टायर मात्र चकचकीत करून देतात!).

आणि तिसऱ्या पिढीची (साधारण २००९ ते २०१५) जुनी प्रियस घेत असाल, तर आधी इंजिन बघा. ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) काजळीने तुंबून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जाणं हे तिचं जुनं दुखणं.